जाळ्यांचा गालिचा

भाऊजींना सर्दी झाली होती, आणि नेमकं त्याच दिवशी वासाचं प्रकरण दारात आलं.

तसा तो आठवडाच रटाळ गेला होता. दोन घटस्फोट, एक शेजाऱ्यांचं भांडण आणि एक हरवलेलं मांजर, जे मुळात हरवलंच नव्हतं. थोरला भाऊ गेल्यावर त्याचं गुप्तहेरीचं ऑफिस वहिनींनी चालवायला घेतलं, आणि आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले भाऊजी मदतीला येऊन बसू लागले. मदत म्हणजे गाडी चालवायची, चहा सांगायचा आणि वहिनींना जे दुपारी कळलेलं असे ते आपण संध्याकाळी समजून घ्यायचं. या कामाला भाऊजी कंटाळले नव्हते. त्यांचे गुडघे मात्र कंटाळले होते.

दारात उभा असलेला म्हातारा आत येण्याआधी उंबऱ्यावरच थबकला. त्याने मान किंचित वर केली.

"खालच्या मजल्यावर कुणीतरी लाकडाला पॉलिश करतंय," तो म्हणाला. "आणि या साहेबांनी छातीला निलगिरी चोळलीय. बाटली जुनी असावी."

भाऊजींनी शर्टाचं वरचं बटण लावलं. बाटली खरंच जुनी होती.

म्हातारा मोटारींच्या कारखान्यात वास-चाचणीचा प्रमुख होता. सगळा कारखाना त्याला नाकराव म्हणत असे, आणि आता घरचेही म्हणतात असं त्याने सांगितलं. नव्या गाडीच्या आत जो वास येतो तो लोकांना आवडतो, पण तो असतो डिंकाचा, फोमचा, प्लास्टिकचा. त्याने डोकं दुखतं, लहान मुलांना बाधतो. म्हणून हल्ली कारखाने गाडीत बसणाऱ्याच्या छातीची काळजी घेतात. सामानाचे तुकडे काचेच्या बरणीत घालून तापवायचे, सहा जणांनी हुंगायचे आणि एक ते सहा असा आकडा द्यायचा. एक म्हणजे वासच नाही, सहा म्हणजे सहन होत नाही. शेवटी अख्खी गाडी रात्रभर गरम खोलीत बंद ठेवायची आणि सकाळी आत बसून हुंगायची.

"मागच्या चाचणीत नव्या गाडीला सहा आकडा मिळाला," नाकराव म्हणाले. "आमची एक बाई ओकली. गाडीत समुद्रातल्या जुन्या जाळ्यांपासून केलेला गालिचा आहे. सगळे म्हणतात त्याचाच दोष. परवा बैठक आहे. गालिचा रद्द होईल आणि तो करणाऱ्या मुलीची नोकरीही जाईल. तिला मी हाताला धरून शिकवलंय."

"वास कसला होता?" वहिनींनी विचारलं.

नाकराव खिडकीकडे बघत राहिले. सांगता येत नाही, म्हणाले. सगळा गोंधळ उडाला होता, वास मिश्र होता.

"मग आमच्याकडून काय हवंय?"

"गालिच्यात दोष नाही एवढं सिद्ध करून द्या. कुणी केलं ते शोधत बसू नका. उगाच माणसं अडचणीत येतात."

वहिनींनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि भाऊजींना गाडी काढायला सांगितली.

गालिचा करणारी मुलगी म्हणजे चाळिशीकडे झुकलेली बाई होती. कारखान्यात तिला जाळीताई म्हणत. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि टेबलावर दोन कप, दोन्हींतला चहा गार. ती खुर्चीत अशी बसली होती की उठायला सांगितलं असतं तर हात द्यावा लागला असता.

मासेमार टाकून देतात ती जाळी वर्षानुवर्षं समुद्रात पडून राहतात, त्यांत मुकी जनावरं अडकून मरतात, हे ती सांगत होती. पण हजारदा सांगून झालेल्या गोष्टीसारखं. ती जाळी गोळा करायची, धुवायची, वितळवायची आणि त्याचा धागा काढायचा. गालिचा खाली चिकटवायला डिंकही तिने बदलून घेतला होता.

"आधीच्या डिंकात थिनर असायचं. आता पाण्यातला डिंक आहे. या गाडीत थिनर कुठेच नाही, थेंबभरसुद्धा नाही. बरणीतल्या चाचणीत माझ्या गालिच्याला दोन मिळाले होते, मॅडम. दोन. मग गाडीत सहा कसे होतील?"

आणखी एक विचित्र गोष्ट तिने सांगितली. कारखान्याने नुकतंच वास मोजायचं एक मशीन आणलं होतं. त्या सकाळी माणसं बसण्याआधी मशीन गाडीत ठेवलं होतं, आणि मशीनने गाडी स्वच्छ ठरवली होती. तेव्हा पंखा बंद होता. मशीन नेहमी पंखा बंद ठेवूनच लावतात.

"मग मशीनवर का नाही विश्वास ठेवला?" भाऊजींनी विचारलं.

"मशीन ओकत नाही ना," जाळीताई म्हणाली.

खरेदीसाहेबांच्या खोलीत थंडगार होतं आणि खुद्द साहेब गरम होते. जुना गालिचा पुरवणारा कारखानदार त्यांचा साडू होता, ही गोष्ट त्यांनी स्वतःच सांगून टाकली, कारण बाकी सगळे सांगणारच होते. जाळीचा गालिचा म्हणजे निव्वळ थेर आहे असं त्यांचं मत पडलं. माशाच्या जाळ्याला माशाचाच वास येणार, यात शोधायचं काय?

"तुम्ही बसला होतात त्या सकाळी गाडीत?"

नव्हते. पण वास माशाचाच होता याबद्दल त्यांना शंका नव्हती. आणि या सहा नाकांचे चोचलेही आता पुरे झाले, असं ते म्हणाले. यांच्यासाठी जेवणघरात कांदा-लसूण बंद, साबण बिनवासाचे. मशीन आलंय, आता नाकांनी आपापल्या जागी जावं.

बाहेर आल्यावर भाऊजींनी आपलं मत दिलं. "हाच तो. साडूसाठी केलं."

"असेल," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या 'असेल'चा अर्थ 'नाही' असतो हे भाऊजींना आता ठाऊक झालं होतं.

ओकलेली बाई हिशेबखात्यातली होती. नाकराव सोडले तर सहापैकी कुणाचंच हुंगणं हे पूर्णवेळ काम नव्हतं. सगळे इकडून तिकडून निवडलेले. बाई बडबडी, आणि त्या प्रसंगाने अजून लाजलेली.

"आत बसले तेव्हा काहीच नव्हतं हो. मी तर मनात दोनाचा आकडाही ठरवला होता. मग पंखा लावला आणि समोरून भपकारा आला. नखं रंगवायची बाटली असते ना, ती कुणी नाकात ओतावी तसा. मी पुढे बसले होते. मागचे म्हणाले, आम्हाला जरा उशिरा आला."

"मग काय झालं?"

"नाकरावांनी आधी पंखा बंद केला. मग दारं उघडली. मग मला धरून बाहेर नेलं. देवमाणूस आहे."

तिने हौसेने त्यांना हुंगायची खोली दाखवली. भाऊजींनी एका बरणीत नाक घातलं, आणि त्यांना जगातलं काहीही कळलं नाही. बाईने दुसरी पुढे केली, मग तिसरी. चौथी दिली नाही.

"तीन झाल्या की बाहेर जाऊन मोकळी हवा घ्यायची, असा नाकरावांचा कडक नियम आहे. नाहीतर नाक मरतं. वास असतो, पण तुम्हाला तो येईनासा होतो. मग माणूस खुशाल विषाला दोन आकडा देऊन बसतो."

भिंतीशी काचेचं कपाट होतं. नव्या माणसाला वास ओळखायला शिकवायच्या बाटल्या त्यात ओळीने लावल्या होत्या. जळकं रबर, बुरशी, रॉकेल, थिनर. सगळ्या गळ्यापर्यंत भरलेल्या; थिनरची तेवढी तळाशी गेलेली. किल्ली नाकरावांकडे असते, बाई म्हणाली. भाऊजींना वाटलं, थिनर उडून जातं. त्यांनी ते बोलूनही दाखवलं.

"बूच घट्ट असताना?" वहिनींनी एवढंच विचारलं.

गाडी एका कोपऱ्यात चिठ्ठ्या चिकटवून बंद करून ठेवली होती. मोठ्या साहेबांना फोन करून ती उघडायला लावावी लागली. तोवर वहिनी चाचणीच्या गाड्या तयार करणाऱ्या मिस्त्रीशी बोलल्या. मिस्त्री मोजकं बोलणारा माणूस, आणि तेवढंही नाइलाजाने.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी त्याने एसीचा नवा फिल्टर बसवला होता. कोळशाचा फिल्टर, बाहेरचा धूर, वास, सगळं शोषून घेतो. डॅशबोर्डमधल्या कप्प्यामागे त्याचा डबा असतो. त्यानंतर गाडीजवळ कोण आलं? जाळीताई गालिचा झटकून गेल्या. खरेदीसाहेब पाहुण्यांना गाडी दाखवून गेले. शेवटी नाकराव.

"ते काय करायला?"

"ते नेहमी बसतात. चाचणीच्या आधी एकटेच, दारं लावून. गाडीशी ओळख करून घेतो म्हणतात. आम्ही तिकडे फिरकत नाही."

"कारखान्यात थिनर कुठे मिळेल?"

मिस्त्रीने मान हलवली. रंगखात्यातसुद्धा पाण्याचे रंग आले, म्हणाला. मागे हाताला लागलेला रंग पुसायला थेंब हवा होता, तोही मिळाला नव्हता.

साहेबांचा निरोप आल्यावर त्याने कप्पा सोडवला आणि फिल्टर बाहेर काढला. काढताना त्याचा चेहरा पडला. फिल्टरच्या कडेवर हवेच्या दिशेचा बाण असतो. तो खाली हवा होता, वर होता.

"हे मी बसवलेलं नाही," मिस्त्री म्हणाला. "मी असं बसवत नाही."

भाऊजींनी फिल्टर हातात घेतला. नाक बंदच होतं, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. वहिनींनी फिल्टर काढून घेतला आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधला. त्या आता दमलेल्या दिसत होत्या. उत्तर सापडलं की त्या नेहमीच अशा दिसत.

परतीच्या वाटेवर भाऊजींनी पुन्हा खरेदीसाहेबांचं नाव काढलं.

"भाऊजी, तुम्हाला गालिचा बदनाम करायचा असता तर थिनर कुठे ओतलं असतं?"

"गालिच्यावर."

"मग?"

भाऊजींनी बराच वेळ विचार केला, सिग्नल हिरवा होऊन मागच्याने भोंगा वाजवेपर्यंत.

बैठकीच्या दिवशी टेबलाभोवती मोठे साहेब, खरेदीसाहेब, जाळीताई, मिस्त्री आणि नाकराव बसले होते. मोठे साहेब आजारपणातून उठल्यासारखे दिसत होते. वहिनींनी बांधलेली पिशवी टेबलावर ठेवली.

"गालिचा निर्दोष आहे," त्या म्हणाल्या. "वास गालिच्याचा असता तर गाडी रात्रभर तापल्यावर दार उघडताच आला असता. तो पंखा लावल्यावर आला, समोरून आला, मागच्यांना उशिरा आला. मशीनला आलाच नाही, कारण तेव्हा पंखा बंद होता. फिल्टर थिनरने भिजवलेला आहे. वास शोषणारी वस्तूच वास सोडत होती."

जाळीताईने दोन्ही हात टेबलावर ठेवले. 

खरेदीसाहेब लगेच बोलले. मुद्दा वाईट नव्हता. "कशावरून हिनेच ते केलं नाही? गालिच्याला वास येणार हे हिला माहीत होतं. उद्या बोंब झाली तर फिल्टरकडे बोट दाखवायची सोय करून ठेवली."

मोठ्या साहेबांनी जाळीताईकडे पाहिलं. त्या नजरेत शंका होती, आणि ती तिला दिसली.

वहिनींनी निःश्वास सोडला. "मला सांगितलं होतं, कुणी केलं ते शोधू नका. पण आता करणाऱ्याचं नाव सांगितल्याशिवाय ताईंची सुटका नाही. नाकराव, तुम्ही सांगता का मी सांगू?"

 नाकराव टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"बरं, मीच सांगते. ताईंना सबब हवी असती तर त्यांनी ती दडवून ठेवली नसती. गाडी बंद झाली त्याच दिवशी फिल्टरचं नाव घेतलं असतं. त्या तर अजून गालिच्याच्याच बाजूने भांडतायत. खरेदीसाहेबांना गालिचा घालवायचा होता. त्यांनी गालिच्यावरच ओतलं असतं. मिस्त्रींनी बाण उलटा बसवला नसता. उरलं कोण? गाडीशी ओळख करून घ्यायला दारं लावून एकटं बसणारं कोण? कारखान्यात थिनर एकाच जागी आहे, शिकवायच्या बाटल्यांत, आणि ती बाटली तळाला गेलीय. किल्ली तुमच्याकडे."

"वास आल्यावर माणूस आधी दार उघडतो," त्या पुढे म्हणाल्या. "तुम्ही आधी पंखा बंद केलात. तो कुठून येतोय हे तुम्हाला ठाऊक होतं. आणि नाकराव, माझ्या दारात उभं राहून तुम्ही खालच्या मजल्यावरचं पॉलिश ओळखलंत. मग बंद गाडीतलं थिनर, जे हिशेबखात्यातल्या बाईंनीही नखं रंगवायच्या बाटलीसारखं म्हणून ओळखलं, ते तुम्हाला सांगता येईना?"

भाऊजींना हे सगळं त्याच क्षणी कळलं, इतरांबरोबर. त्यांना जरा ओशाळल्यासारखं झालं.

"पण काकांनी का?" जाळीताई म्हणाली. "माझ्याशी त्यांचं काय वैर?"

"तुमच्याशी नव्हतंच," वहिनी म्हणाल्या. "वैर मशीनशी होतं."

मग नाकराव बोलले. मशीन आल्यावर सहाही जणांना काढणार असं कानावर आलं होतं. मशीन पंखा लावून मोजत नाही हे त्यांनी हेरलं होतं. फिल्टरला जरासा वास लावायचा, इतका हलका की मशीनला सापडू नये आणि नाकांना सापडावा. गाडीला तीन मिळाले असते, फार तर चार. मग आपणच फिल्टर शोधून काढायचा, गोदामातल्या साठवणीतली चूक म्हणायचं आणि मशीन हे पकडू शकलं नाही असं दाखवून द्यायचं.

"मग इतकं का ओतलं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"येतच नव्हता वास." नाकरावांचा आवाज खाली गेला. "फिल्टर काढून हुंगायच्या खोलीत नेला, दार लावून बसलो होतो. दोन थेंब टाकले, हुंगलं. वाटलं, कमी आहे. अजून टाकले. बाहेर जाऊन हवा घ्यायला हवी होती. पण भिजलेला फिल्टर तसाच सोडून बाहेर कसा जाणार? आयुष्यभर पोरांना सांगत आलो की तिसऱ्यानंतर नाकावर विश्वास ठेवू नका. मी ठेवला. बाटली संपत आली तरी मला ते थेंबभरच वाटत होतं."

सकाळी बाई ओकल्यावर गाडीला चिठ्ठ्या लागल्या, आणि फिल्टर 'सापडवायची' वेळ निघून गेली. चूक म्हणावी इतकं ते थोडं राहिलं नव्हतं. दोष गालिच्यावर जाताना ते बघत राहिले. तोंड उघडायचं धाडस झालं नाही, म्हणून वहिनींकडे आले.

 जाळीताईने मोठ्या साहेबांकडे पाहिलं. "सांगा त्यांना."

साहेबांनी घसा खाकरला. मशीनला पंख्याबरोबर मोजता येत नाही, ही गोष्ट ताईंनी फार आधीच निदर्शनास आणली होती, ते म्हणाले. माणसांशिवाय माझा गालिचा तपासू देणार नाही असा हट्टच धरला होता त्यांनी. सहाही जणांना ठेवायचं नक्की झालं होतं. जाहीर करायचं तेवढं राहिलं होतं.

नाकरावांनी तोंडावरून हात फिरवला. "मला विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "एकदा नुसतं तुला विचारायला हवं होतं."

"हो काका," जाळीताई म्हणाली. "हवं होतं."

नव्या फिल्टरनिशी गाडी पुन्हा गरम खोलीत गेली. चाचणी बघायला साहेबांनी वहिनींना बोलावलं होतं. भाऊजींची सर्दी उतरली होती, आणि जग पुन्हा वासांनी भरलं होतं, बहुतेक वंगणाच्या.

नाकराव दाराशी उभे होते, पांढरा कोट न घालता. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाकललंही नव्हतं. सहावी जागा रिकामी होती. ते जाळीताईला म्हणाले, मला आत बसू दे. मशीनपेक्षा, यांच्यापेक्षा जास्त ओळखतो मी. तुझ्या गालिच्याला मी खरा आकडा देईन.

भाऊजींना वाटलं ती हो म्हणेल. तिचे डोळे भरून आले होते.

"तुम्ही खराच द्याल, काका. मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही दोन दिलात तर लोक म्हणतील तुम्ही भरपाई केलीत. तुमचा आकडा आता माझ्या उपयोगाचा नाही."

हे ती रागाने म्हणाली नाही. सहाव्या जागेवर कँटीनमधला एक माणूस बसला, नुकताच शिकलेला.

पाच-सहा मिनिटं गाडीचा पंखा फिरत राहिला. मग दारं उघडली आणि हिशेबखात्यातल्या बाई आधी उतरल्या. सवयीने त्या थेट नाकरावांकडे गेल्या, आकडा त्यांना सांगायला तोंड उघडलं, आणि थांबल्या. मग वळून त्यांनी तो जाळीताईला सांगितला, अगदी हळू आवाजात. दोन. जाळीताईने भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले.

नाकरावांना तो ऐकू आला नाही. त्यांनी विचारलंही नाही.